रूथकाकूंचा हात

चर्चच्या स्पीकरचं सांगतलं नाही का तुले? आमच्या खामगावातल्या चर्चनं वरातीत वाजतात तसे मोठे डब्बे घेतले, बसवले मीच. पेटी वाजवणारे सॅम्युअलकाका भडकले. "काऊन बे, देवाले ऐकू येत नाही का? चर्च आहे का वरात?"

पहिल्या रविवारी गाणं सुरू झालं. काकांची बायको, रूथकाकू, कित्येक वर्षांपासून ठार बहिरी. ती मागच्या बाकावरून उठली, थरथरत्या डब्ब्यावर हात ठेवला अन् सगळ्यांसंगं तालात गाऊ लागली. काकांची बोटं पेटीवरच थांबली.

प्रार्थना संपल्यावर काका सरळ माझ्याकडं आले. मले वाटलं, आता शिव्या पडतात. ते डोळे पुसत म्हणे, "याच्याहून मोठा डब्बा भेटते का बे?"