धनेशाची ढोली

त्या दुपारीही पप्पांनी हापूस कापला, क्लॉडियाच्या खोलीचं दार वीतभर उघडलं आणि बशी आत सरकवली. “गोड आसा मां गो?” त्यांनी विचारलं. तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पप्पा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी फोंडाघाटला, कोल्हापूरच्या एसटीच्या रांगेत, तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“परवा घाटात गवो बघलंस मां? काय रुबाब!” म्हातारा म्हणाला.

“रुबाब घेऊन काय करू? पोरांची जबाबदारी बायलेर टाकून एकटोच चरत रवता. तुमचोच भाऊ तो.”

“मगे बरो कोण?”

“धनेश पाखरू. बायल अंड्यांसाठी झाडाच्या ढोलीत कोंडून घेता आणि ह्यो फटीतसून फळां भरवता. महिने महिने.”

“तेका ती दिसता तरी?”

“खंय दिसतली? भितरसून ओ देता तेवढीच.”

“आणि नाय दिल्यान तर?”

“तरी येता. पण भितर पोचला काय नाय, ता तेका कोण सांगतला?”

एसटी लागली. रांग पुढे सरकली. क्लॉडिया मात्र घराकडे तोंड करून उभी राहिली.

“आंबो गोड होतो, पप्पा,” ती मोठ्याने म्हणाली. “रोजच गोड होतो.”