आंब्याचा लोंबता हात

ऐका. आधी माझं शहाणपण सांगते, म्हणजे हसायचं ते आत्ताच हसून घ्या. परवा मी परसातला शेवगा छाटला. छाटला म्हणजे काय, सगळं डोकं उतरवलं आणि खाली नुसता खांब ठेवला. सासूबाई येता-जाता त्या खांबाकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. चालायचंच. शेवगा बिचारा फुटेल परत. पण मी कितीही मूर्ख असले तरी आदल्या दिवशी झाडाला विचारलं होतं, आणि ऊन असतानाच कोयता लावला होता. का, ते सांगते. चिंचा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नका. भागीरथी, कंदील जरा इकडं सरकव.

वरच्या आळीला हरबा टेमकर राहायचा. मी लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. उद्या लेकीचं लग्न, दारात मांडव, आणि अंगणातल्या आंब्याची एक फांदी बरोब्बर मांडवाच्या आड आलेली. कैऱ्यांनी वाकलेली. आता आपल्याकडं रीत काय? झाड छाटायचं तर आदल्या संध्याकाळी बुंध्याशी सुपारी ठेवायची. म्हणायचं, उद्या हात लावणार आहे, कुणी बसलं असेल तर सरकून बसा. आणि दिवे लागल्यावर झाडाला लोखंड लावायचं नाही. झाड झोपलेलं असतं. हरबाला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण लग्नघर ते. सुपाऱ्या तबकात, आणि तबक कुठं ते कुणालाच माहीत नाही.

दिवे लागले तसा हा कुऱ्हाड घेऊन वर चढला. वरनंच घाव घातले. जड फांदीला आधी खालनं चीर पाडायची असते, ती पाडलीच नाही. मग काय, फांदी अर्धी तुटली आणि आपल्याच वजनानं खाली आली. येताना बुंध्याची साल सोलत आली. लांबच लांब. त्या सालीवरच लोंबत राहिली.

गिरजा, त्याची बायको, खालनं म्हणाली, "अवो, ती तशी नका ठेवू."

"सकाळी बघतो. आक्काला बोलवायचं राहिलंय."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ओढ्यापलीकडं दिलेली, मानपानावरनं रुसलेली. भाऊ स्वतः दारात आल्याशिवाय लग्नाला पाऊल उचलणार नाही म्हणून बसलेली. असतात अशा. माझी पण एक नणंद... जाऊ दे, ती इथंच बसलीय.

तर हरबा निघाला. अंधार गच्च. ओढ्याची पाणंद, दोन्हीकडनं निवडुंग. थोडा पुढं गेला तर मागनं आवाज. सर्र. सर्र. कुणी पाला ओढत नेतंय तसा. हा थांबला की आवाज थांबतो. हा चालला की चालतो. "कुत्रं असंल," म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, म्हणजे बघा किती खात्री होती ती.

मग वास आला. कैरीच्या चिकाचा. आणि त्या पाणंदीत आंब्याचं झाड एकही नाही बरं.

वळणावर एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, पदर अंगभर घेतलेला.

"दादा, ओढ्यापतुर हात धरतोस का? दिसत न्हाई मला."

हरबा चांगला माणूस. तेच तर वाईट आहे ह्यात. "चला आजी," म्हणाला आणि हात धरला. गार हात. ओला. चालायला लागले. हात जड व्हायला लागला. जड. अजून जड. हरबानं वळून बघितलं. म्हातारी मागंच राहिलेली, पार लांब वळणावर, आणि हात ह्याच्या हातात. मधे नुसतं सालपट. सोलत सोलत आलेलं.

"सोड की आता," म्हातारी तिथनं म्हणाली. "अर्धवट सोडायची सवयच हाय तुला."

हरबानं हात टाकला आणि पळत सुटला. पळतोय, पळतोय, ओढा काही येत नाही. निवडुंग संपत नाही. शेवटी एक दिवा दिसला. आक्काचं घर म्हणून आत घुसला, तर समोर त्याचाच मांडव. त्याचाच आंबा. फांदी तशीच लोंबतेय. घाम पुसायला उजवा हात उचलायला गेला. हात उचलेना. खांद्यापासनं नुसता लोंबतोय.

उद्या त्याच हातानं लेकीचं कन्यादान करायचं होतं.

तेवढ्यात फांदी करकरली. साल अजून थोडी सोलली, आणि ह्याच्या खांद्यात कळ गेली. परत करकरली. परत कळ. तेव्हा हरबाला कळलं, ही फांदी खाली पडेल तेव्हा आपला हातही जाईल. तो तसाच खाली घुसला आणि फांदीला डावा खांदा लावला.

गिरजा रॉकेलची चिमणी घेऊन बाहेर आली. "काय करताय?"

"धरलीय."

"तोडून मोकळं व्हा की."

"एकदा रात्री तोडली, तेवढं पुरे."

ती शहाणी बाई. आत जाऊन सुपारी हुडकून आणली, बुंध्याशी ठेवली, आणि शेजारी येऊन आपलाही खांदा लावला. लेकीच्या लग्नाच्या आदल्या रात्री नवरा-बायको फांदी खांद्यावर घेऊन उभे. वर पानांत कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. दोघांनीही वर बघितलं नाही.

ऊन आलं तेव्हा गिरजानं फांदी दोरानं वर बांधली, ह्यानं डाव्या हातात करवत घेतली. आधी खालनं चीर. मग थोडं पुढं वरनं काप. फांदी अल्लद उतरली. उरलेला खुंट बुंध्याजवळ, जिथं सालीला वळ्या असतात ना, तिथं नीट कापला, बुंध्याला धक्का न लावता. फाटलेल्या सालीच्या कडा तासल्या. आणि शेवटचं सालपट निघालं तशा ह्याच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या.

कन्यादान झालं. उजवा हात डाव्यानं सावरून धरावा लागला, पण झालं. लोकांना वाटलं, बापाचं काळीज.

आणि आक्का? आली की, भांडतच आली. "रात्री दारात येऊन हाका मारल्यास, आणि दार उघडलं तर पत्ता न्हाई तुझा. उंबऱ्यावर आंब्याचा पाला कशाला टाकलास रे?"

हरबानं तिला बसायला पाट मांडला. डाव्या हातानंच.

म्हणून सांगते बायांनो, अंधार पडल्यावर त्या ओढ्याच्या पाणंदीनं जायचं नाही. गेलात तर कुणी मागितला तरी हात द्यायचा नाही.

भागीरथीनं मांडीवरची टरफलं झटकली. "माझं घर त्याच पाणंदीला आहे," ती म्हणाली. "माझं अंथरूण इथंच टाक."