मागचा शॉक बसला

अरे, आमची जीप खड्डा मागे गेला तरी मागून उड्या मारत राहायची. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेले. म्हटलं, घरीच बदलू. बिल्डिंगखाली जीप जॅकवर चढवली आणि खाली शिरलो. बाहेर फक्त पाय. नवा शॉक काही केल्या बोल्टवर जाईना. शेवटी खट्कन गेला, तसा पाय आपटत ओरडलो, "आई, शॉक बसला!"

गॅलरीतून आईला दिसले फक्त तडफडणारे पाय. तिने बोंब ठोकली. तळमजल्यावरचे सावंतकाका लाकडी दांडका घेऊन धावले आणि करंट सुटावा म्हणून माझ्या नडगीवर दोन सणसणीत हाणले.

"काका, थांबा! जीपचा मागचा शॉक बसला म्हणतोय!"

"मागून बसू दे नाहीतर पुढून," काका म्हणाले, "आधी मेन स्विच बंद करायचा ना रे!"