लाल गाडीचं स्टिअरिंग

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं मला नका सांगू रे. घाटातल्या अपघाताच्या गाड्या काढायला टोकावड्याला माझी क्रेन उभी असते, तिथं शेजारच्या ढाब्यावर ते चहाला थांबतात. त्या दिवशी मुंबईचे पाच-सहा जण जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन माळशेजला निघालेले, आणि सगळ्यात भारी गाडी कुठली यावर त्यांची जुंपली होती. मतं पडली. लाल गाडी दुसरी आली, कारण तिचं स्टिअरिंग नवीन होतं.

तिचा मालक चिडला. "बाकी सगळं ओरिजिनल आहे. आधीच्या मालकानं स्टिअरिंग उगाच बदललं आणि माझा पहिला नंबर गेला." मग माझ्याकडे वळला. "काका, कशाला बदललं असेल हो?"

गाडीचा नंबर मी आधीच ओळखला होता.

"त्यानं नाय बदललं," मी म्हटलं. "गाडी घाटात कड्यावर आदळलेली. स्टिअरिंग त्याच्या छातीत घुसलेलं, माणूस निघत नव्हता. म्हणून आमी कापलं."

मालक बराच वेळ गाडीकडे बघत राहिला.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कापलेलं जोडता येतं, काका. ठेवलंय का तुम्ही ते?"