खडूची रेघ

पोलिसांना खुशाल नावं ठेवा, पण आधी आमच्या आबांचं ऐका. आबा रत्नागिरीत हवालदार. पकडलेल्या दारुड्याला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात न्यायचं काम त्यांचंच. डॉक्टर तोंडाचा वास घ्यायचे, मग फरशीवर खडूने रेघ मारून तिच्यावरून चालायला लावायचे.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. उतारावर आबा चालवत असलेल्या पोलीस जीपची एका सायकलवाल्याला धडक बसली आणि जीप रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर आदळली. सायकलवाल्याचा हात मोडला. "पोलीस प्यायलाय!" म्हणत लोक दवाखान्यापर्यंत मागे आले.

सायकलवाल्याला आत पोचवून आबा डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"हवालदार, आज कोणाला आणलंत?"

"मलाच. मारा रेघ."

मागून आलेले फौजदार म्हणाले, "अहो, आपल्याच माणसाची कसली तपासणी?"

"साहेब, मग उद्या दारुड्याला कोणत्या तोंडाने आणू?"

वास घेऊन झाला. आबा रेघेवरून गेले, वळले, परत आले. पाऊल तसूभर ढळलं नाही. डॉक्टरांनी 'दारू प्यायलेली नाही' असं लिहून सही केली. आबांनी कागद नीट वाचला, फौजदारांच्या हातात दिला आणि मगच बाकावर बसले.

"डॉक्टर, आता हा बूट कापून काढा. आत हाड मोडलंय बहुतेक."

मोडलंच होतं!