इंग्रजीतलं ‘येते’

स्कॉटलंडला शिकायला गेले तेव्हा माझं इंग्रजी काय वाईट नव्हतं. घोटाळा केला तो आमच्या जळकोटच्या वळणानं.

घरमालकीण जेनबाई, सत्तरीच्या, खाली एकट्याच राहायच्या; माझी खोली वरती. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा झाला, मी उठले. आता आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणतंय का कुणी? सवयीनं म्हणाले, “आय विल कम.” आणि गेले लायब्ररीत, ती रात्री उशिरा परस्पर वर जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारातच उभ्या. “काल कुठं होतीस? येते म्हणालीस म्हणून तुझं ताट झाकून बसले होते. मीपण जेवले नाही.”

मला लई ओशाळल्यागत झालं. म्हणाले, “आमच्याकडं ‘जाते’ म्हटलं की आई ओरडते. माणूस परत यावा म्हणून ‘येते’ म्हणायचं असतं.”

बाई नुसतं “बरं” म्हणाल्या.

वर्ष संपलं. बॅगा टॅक्सीत ठेवल्या, बाईंना मिठी मारली आणि तोंडातनं परत तेच निघालं, “आय विल कम.”

बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “मग ह्या वेळेला ताट किती दिवस झाकून ठेवू?”