सांडव्यातली पोती

मी कस्तुराबाई महिपती खटके, वय ५४, धंदा शेती, राहणार टेंभुर्णीजवळची खटकेवस्ती, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. आज स्वतःहून ठाण्यात येऊन पुरवणी जबाब देते की, माझी धाकटी जाऊ विजयमाला हिने आमचा सामाईक बांध फोडला, अशी तक्रार मी परवा दिली होती. त्याबाबत राहिलेले आज सांगते.

माझे शेत वर, तिचे खाली. मधल्या बांधात सासऱ्यांनी दगडी सांडवा ठेवला होता. माझ्याकडचे जादा पाणी त्यातून तिच्या रानात आणि पुढे ओढ्याला जायचे.

दोन वर्षांमागे पाऊस पडलाच नाही. पाणाड्या हातावर नारळ धरून दोघींच्या रानात फिरला. माझ्या बोअरला चारशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. तिला एकशे ऐंशीला पाणी लागले. ती म्हणाली, "आक्का, पाईप सोडते की तुमच्या हौदात." तिने उन्हाळाभर पाणी दिले. मी ते घेतले, पण प्रत्येक घागरीला माझा जीव जळत होता. त्याच चैत्रात मी पेंडीच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून सांडवा बुजवला. तिला जमिनीतले पाणी होतेच, वर माझ्या रानातला पाऊस कशाला, असे मला वाटले. हे मी कोणालाही सांगितले नाही. गेल्या साली पाऊस बेताचाच झाला, म्हणून ते उघडे पडले नाही.

यंदा भाद्रपदात सलग चार दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बांधाला तुंबलेले पाणी माझ्या बांधालगतच्या घरात शिरले. माझे पती लकव्याने अंथरुणावर असतात. बाजेचे पाय बुडाले, तरी मी सांडव्याला हात लावला नाही. पोती निघाली असती तर सगळ्यांना कळले असते.

विजयमाला टिकाव घेऊन पळत आली. तिने कमरेएवढ्या पाण्यात उतरून सांडवा चाचपला आणि एक पोते ओढून काढले, बाकीची रुतून बसली होती. पोत्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "आक्का, बाजूला सरका." आणि बांध फोडला. माझे घर मोकळे झाले. तिचा काढणीला आलेला दोन एकर कांदा वाहून गेला. माझ्या बांधाकडची थोडी माती गेली, एवढेच माझे नुकसान.

दुसऱ्या दिवसापासून अख्खी वस्ती तिच्या दारात. जो तो म्हणे, "जाऊ असावी तर अशी." माझे घर वाचले, पण माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मला ते सहन झाले नाही, म्हणून मी तक्रार दिली.

काल तुम्ही तिला बोलावले. तिने एवढेच लिहून दिले की, "पाणी लई झालं, म्या बांध फोडला." पोत्यांचा शब्द काढला नाही. घरी येऊन माझ्या पतींना पेज देऊन गेली. साहेब, पाणी तिला लागले, नाव तिचे झाले, आता गप्प राहण्यातही तीच मोठी. तेव्हा खरे काय ते तरी माझ्या तोंडून लिहा. सांडवा मी बुजवला होता. माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. हवालदारांनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. परंतु विजयमालाने काल सही केल्याचे समजल्यावरून मीही वेळ लावून सहीच केली आहे.